झुडपामागचा मनुष्य

हिंदुस्थानची दंडसंहिता १८६० सालीं मंजूर झाली. तिच्या २९९ व्या कलमांत सदोष मनुष्यवधाची व्याख्या असून व्याख्येखालीं तीन उदाहरणें दिलीं होतीं. त्यांपैकीं तिसरें असें : एक मनुष्य कोंबडी मारून चोरावी या हेतूनें तिच्यावर बंदूक झाडतो. जवळच्या झुडपाआड दुसरा कोणी मनुष्य असतो, त्याची बंदूकवाल्यास गंधवार्ताहि नसते. गोळी त्या मनुष्यास लागते व तो मरतो. कायदा म्हणतो, बंदूकवाल्याचें कृत्य बेकायदेशीर खरें, परंतु तो सदोष मनुष्यवधाचा अपराधी नव्हे. १ जुलै २०२४ पासून ती जुनी संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता अमलांत आली. तरी तिच्या शंभराव्या कलमाखालीं ती कोंबडी, तें झुडूप आणि झुडपामागचा तो मनुष्य हीं तिन्ही जागच्या जागीं आहेत.

वकिलीच्या परीक्षेस बसणारा विद्यार्थी हें उदाहरण पाठ करतो आणि पुढें जातो. सामान्य वाचकास तर तें थोडें विचित्रच वाटेल. मनुष्याचा जीव घेणाऱ्या मोठमोठ्या प्रकारांची चर्चा चालू असतां कायदेकारांस ही कोंबडी कोठून आठवली ? याचें उत्तर असें कीं, ही कोंबडी आपल्या शेतावरची नव्हे. ती इंग्लंडांतील एका जुन्या कायदेग्रंथांतून येथें आली. आणि तेथें तिच्या चोराच्या कपाळीं फांस लिहिलेला होता. एकच कृत्य, एकच हेतु, एकच अपघात. एका देशांत त्यास खून म्हणावें आणि दुसऱ्यांत साधा मनुष्यवधहि म्हणूं नये, असा हा फरक कां पडला, त्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे. न्याय मनुष्याच्या मनाचा करावयाचा, कीं त्याच्या हातून घडून आलेल्या परिणामाचा, या जुन्या प्रश्नाचाच तो इतिहास आहे.

ज्या नियमाविषयीं आम्ही बोलत आहों त्यास इंग्रजी कायद्यांत ‘फेलनी-मर्डर’ असें नांव आहे. फेलनी म्हणजे ज्यास पूर्वीं बहुधा देहान्ताची शिक्षा असे असा जड गुन्हा. चोरी, घरफोडी, जाळपोळ, बलात्कार इत्यादि. नियम असा कीं, फेलनी करीत असतां गुन्हेगाराच्या कृत्यानें कोणाचा मृत्यु झाला, तर तो खूनच समजावा. मारण्याचा हेतु होता कीं नाहीं, मृत्यूची कल्पना तरी होती कीं नाहीं, हें विचारूं नये. इतकेंच नव्हे, तर त्या गुन्ह्यांत सामील झालेले सर्वच त्या खुनाचे धनी. म्हणजे नियमाच्या पोटांत वस्तुतः दोन नियम आहेत. एक, अपघातास खून ठरविणारा. दुसरा, एकाचा खून सर्वांच्या माथीं मारणारा. हे दोन वेगळे आहेत ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढें आपल्या देशाचा हिशेब करतांना तिची गरज लागणार आहे.

या नियमाच्या वंशावळींत प्रथम नांव निघतें तें लॉर्ड डेकर याचें. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५४१ च्या एप्रिलअखेर, हा तरुण सरदार कांहीं सोबत्यांसह ससेक्स परगण्यांत सर निकोलस पेल्हॅम याच्या राखीव रानांत चोरून शिकार करण्यास निघाला. मंडळींच्या दोन टोळ्या झाल्या. त्यांपैकीं एकीची रानाच्या राखणदारांशीं गांठ पडून मारामारी झाली व एक मनुष्य प्राणास मुकला. डेकर त्या जागीं नव्हता, तो दुसऱ्या टोळींत होता, असें पुढील कायदेपंडित लिहितात. तरीहि २९ जून १५४१ रोजीं टायबर्न येथें एखाद्या सामान्य चोराप्रमाणें त्यास फांशीं देण्यांत आलें, आणि त्याचे तिघे सोबतीहि त्याच मार्गानें गेले. मात्र या खटल्यांत एक बारकावा आहे. आडवा येईल त्यास ठार करावयाचें असा या मंडळींचा आधींच बेत ठरला होता असें गृहीत धरलेलें होतें. तेव्हां ही शिक्षा खरें पाहतां संगनमताची होती; निव्वळ अपघाताची नव्हती. परंतु नजीर एकदां पडली कीं तिच्यांतील बारकावे गळून जातात आणि तिचें ओझें तेवढें पुढच्या पिढ्यांच्या डोक्यावर राहतें.

तें ओझें वाढविलें तें सर एडवर्ड कोक यानें. हा १६३४ सालीं वारला. त्याच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथाचा तिसरा भाग १६४४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, कृत्य बेकायदेशीर असेल तर त्यांतून झालेला मृत्यु हा खूनच. उदाहरण दिलें तें असें : दुसऱ्याच्या रानांतील हरिण चोरावें म्हणून कोणी बाण सोडला, तो बाण भलतीकडे गेला आणि झुडपांत लपलेला एक मुलगा त्यानें मेला, तर तो खून होय. आपल्या दंडसंहितेंतील झुडूप हें या झुडपाचेंच रोप आहे.

हें उदाहरण वाचतांना मराठी वाचकास शरयूतीरावरचा तो दुसरा बाण आठवल्यावांचून राहणार नाहीं. दशरथानें शब्दवेधी बाण सोडला तो हत्ती पाणी पीत आहे असें समजून. लागला तो घागर भरणाऱ्या श्रावणास. रामायणांतील तो अंध पिता राजास पुत्रशोकाचा शाप देतो खरा, परंतु त्याबरोबर हेंहि सांगतो कीं, हें तूं अजाणतां केलेंस म्हणूनच जिवंत आहेस. जाणून केलें असतेंस तर वांचला नसतास. कोकच्या न्यायासनापुढें हेंच प्रकरण गेलें असतें तर काय झालें असतें ? अरण्य दशरथाचें स्वतःचें, म्हणून तो अपघात. तेंच अरण्य शेजारच्या राजाचें राखीव असतें, तर तोच बाण, तोच अंधार, तोच आवाज, पण दशरथ खुनी ! मुलाच्या मरणाचा निर्णय बाण सोडणाऱ्याच्या मनावरून न होतां जमिनीच्या मालकीवरून व्हावा, हा या सिद्धान्ताचा मूळ दोष आहे. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं प्रायश्चित्त सांगतांना कामतः आणि अकामतः घडलेला वध यांत भेद केला, तो काय उगाच ?

कोकचें हें मत इंग्लंडांतहि सर्वांच्या गळीं उतरलें नाहीं. सरन्यायाधीश होल्ट यांनीं १७०१ सालच्या प्लमर खटल्यांत नुसतें बेकायदेशीर कृत्य पुरेसें नाहीं असें सांगून त्यास आवर घातला. लोंकर चोरून परदेशीं नेणाऱ्या एका टोळींतील कोणी गोळी झाडली आणि ती त्याच टोळींतील इसमास लागून तो मेला, असें तें प्रकरण होतें. पुढें १७६२ सालीं सर मायकेल फॉस्टर यानें आपल्या ग्रंथांत ती प्रसिद्ध कोंबडी आणली. दुसऱ्याच्या कोंबडीवर चोरण्याच्या हेतूनें बार काढला आणि अपघातानें मनुष्य मेला, तर तो खून. कारण चोरी ही फेलनी आहे. तोच बार नुसत्या व्रात्यपणानें काढला असेल, तर मात्र खून नव्हे. अशा रीतीनें कोकच्या ‘बेकायदेशीर कृत्या’च्या जागीं ‘फेलनी’ हा शब्द बसून नियमाचें रूप पक्कें झालें.

इतके शहाणे न्यायाधीश असा नियम मुकाट्यानें कसे चालवीत राहिले, असा प्रश्न येथें उद्भवतो. त्याचें कारण त्या काळच्या शिक्षांत आहे. ज्या काळीं घरफोड्याला, वाटमाऱ्याला आणि आग लावणाराला त्या गुन्ह्याबद्दलच फांशीं जावें लागे, त्या काळीं त्यास वर खुनी म्हटल्यानें त्याचें अधिक तें काय जाणार होतें ? मनुष्य एकदांच मरतो. नियम कठोर होता, पण त्याची धार दुसऱ्या कठोरतेंत बुडून गेलेली होती. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत एकामागून एक गुन्ह्यांची फांशी रद्द होत गेली, आणि १८६१ च्या कायद्यांनंतर देहान्ताचे गुन्हे बोटांवर मोजण्याइतके उरले. पाणी ओसरलें आणि खालचा खडक दिसूं लागला. आतां चोराला कैद आणि ज्याच्या चोरींत दुर्दैवानें कोणी मेला त्या चोराला फांस, असा प्रकार झाला. कायदा बदलला नव्हता. त्याच्या भोंवतालचें जग बदललें होतें.

या खडकावर पहिला नेटाचा घाव बसला तो हिंदुस्थानांत. मेकॉले याच्या अध्यक्षतेखालील कमिशननें १८३७ सालीं दंडसंहितेचा मसुदा सादर केला. मेकॉलेच्या सहकाऱ्यांत मुंबई इलाख्याचे जॉर्ज विल्यम अँडरसन हेहि होते. आमच्या या इलाख्यांत त्या वेळीं १८२७ चें चौदावें रेग्युलेशन फौजदारी कायदा म्हणून चालू होतें. मसुद्याला जोडलेल्या टिपणांत मेकॉलेनें या प्रश्नाचा जो विचार केला आहे तो इतका सरळ आहे कीं, त्याचा आशय येथें सांगितलाच पाहिजे.

मोठ्या शहरांत शेंकडों खिसेकापू असतात. आपण पाप करीत आहों हें त्यांस ठाऊक असतें. पण आपण कोणाच्या जिवाशीं खेळत आहों असें त्यांपैकीं एकाच्याहि मनांत येत नाहीं, व येण्याचें कारणहि नाहीं. त्यांतला एक जण एका गृहस्थाच्या खिशांत हात घालतो. खिशांत भरलेलें पिस्तूल असतें. चोराच्या बोटाचा धक्का चापाला लागतो आणि गृहस्थ जागच्या जागीं मरतो. बाकीच्या खिसेकापूंहून या चोराचा हेतु अधिक दुष्ट नाहीं, त्याची सावधगिरी कमी नाहीं. मग त्या सर्वांस कैद आणि यास फांस कां ? खिसे कापण्याची शिक्षा अपुरी वाटत असेल तर ती वाढवा, आणि ती वाढ सर्वांवर सारखी पडूं द्या. परंतु नेहमींची शिक्षा कायम ठेवून शिवाय प्रत्येक चोराला फांशीं जाण्याची एक अगदीं बारीकशी शक्यता चिकटवून देणें, म्हणजे शिक्षेची सोडत काढणें होय. शिवाय मनुष्य फार तर धोक्याचीं कृत्यें टाळील. जेथें धोका दिसतच नाहीं तेथें कोणत्याहि शिक्षेचें भय त्यास अधिक सावध करूं शकत नाहीं.

पुढें तेवीस वर्षांनीं ही संहिता मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आली, तेव्हां फॉस्टरची कोंबडी तिच्यांत उलट न्यायानें घातलेली होती. खुनाला हेतु हवा, अगर आपल्या कृत्यानें मृत्यु संभवतो अशी जाणीव हवी. केवळ ‘तूं चोर होतास’ एवढ्यावर कोणी खुनी ठरावयाचा नाहीं. जेत्यांनीं आपल्या घरीं ठेवलेला दोष परक्या देशाच्या कायद्यांतून काढून टाकला, ही इतिहासांतील थोडी चमत्कारिक गोष्ट आहे. घरीं जुन्या नजिरांचा डोंगर हलवावा लागला असता. येथें नवी इमारत बांधावयाची होती.

नियमाच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. जो आपण होऊन वांकड्या वाटेला लागला त्यानें त्या वाटेवरचे खांचखळगेहि पदरीं घेतले पाहिजेत, हें म्हणणें सामान्य माणसास पटतें. मेलेल्याच्या विधवेस, तुझा नवरा अपघातानें मेला म्हणून सांगितल्यानें तिचें कुंकू परत येत नाहीं. परंतु घरांतील एक साधा प्रसंग घ्यावा. दोन मुलें शेजाऱ्याच्या आंब्यावर दगड मारून कैऱ्या पाडीत आहेत. एकाचा दगड झाडांत अडकतो. दुसऱ्याचा पलीकडून येणाऱ्या वाटसरूच्या कपाळीं बसतो. आपण दुसऱ्या मुलास अधिक रागें भरतों, हें खरें. पण आपलेंच मन शांत झाल्यावर सांगतें कीं, दोघांचीहि खोडी एकच होती. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गांठ पडली, म्हणून कावळ्यास झाड पाडल्याचा अपराधी ठरवूं नये. राग स्वाभाविक आहे. रागाला कायद्याचें रूप देणें ही वेगळी गोष्ट आहे.

इंग्लंडास ही गोष्ट पटावयास फार काळ लागला. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे १८६९ ते १८७२ पर्यंत हिंदुस्थान सरकारचे कायदेमंत्री होते. १८७२ चा पुराव्याचा कायदा ही त्यांचीच कृति. स्वदेशीं परतल्यावर ते न्यायाधीश झाले, आणि १८८७ सालीं सर्ने याचा खटला त्यांच्यापुढें आला. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील आपल्या दुकानाला व घराला विम्याच्या पैशासाठीं आग लावली आणि तींत स्वतःचे दोन मुलगे मेले, असा आरोप होता. स्टीफननीं ज्यूरीस सांगितलें कीं, केवळ फेलनी चालू होती एवढ्यानें भागत नाहीं. जें कृत्य जिवास धोक्याचें आहे हें ठाऊक असतें आणि ज्यानें स्वभावतःच मृत्यु संभवतो, असें कृत्य फेलनीसाठीं केलें असेल तरच खून. ज्यूरीनें आरोपींस निर्दोषी ठरविलें. हिंदुस्थानची संहिता जवळून पाहिलेल्या मनुष्याच्या तोंडून हा उपदेश निघावा, यांत आम्हांस योगायोगापेक्षां अधिक कांहीं दिसतें.

पण न्यायाधीशाच्या उपदेशानें नियम मरत नाहीं. १९४५ सालच्या जार्मेन खटल्यांत दरोडेखोरानें एका मोटारखान्याच्या रोखपाल बाईवर पिस्तूल रोखलें आणि तें उडून ती मेली. आपण विचारांत असतां नकळत चाप ओढला गेला, असें आरोपीचें म्हणणें होतें. तें खरें मानलें तरी हा खूनच, असा निकाल होऊन फांशी कायम झाली. अखेर १९४९ ते १९५३ या काळांत बसलेल्या देहान्तशिक्षेवरील रॉयल कमिशननें नियम काढून टाकण्याची शिफारस केली व १९५७ च्या होमिसाइड ॲक्टाच्या पहिल्याच कलमानें तो गेला. मेकॉलेच्या मसुद्यानंतर बरोबर एकशेंवीस वर्षांनीं ! तरीहि नियमाचा दुसरा भाग, साथीदारांवरील जबाबदारीचा, १९८४ सालीं प्रिव्ही कौन्सिलच्या एका निकालानें मागच्या दारानें परत आला. सोबती मनुष्यास मारील अशी शक्यता दिसत असूनहि जो गुन्ह्यांत राहिला तो खुनी, असें ठरलें. तें दार २०१६ सालीं जोगी खटल्यांत इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टानें, कायदा मध्यंतरीं वाट चुकला होता असें स्पष्ट सांगून, बंद केलें.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांनीं मात्र हा इंग्रजी वारसा अजून बहुतेक ठिकाणीं जपला आहे. पेनसिल्व्हेनिया संस्थाननें १७९४ सालीं खुनाचे दोन दर्जे केले. त्यांत जाळपोळ, बलात्कार, जबरी चोरी व घरफोडी करतांना घडलेला खून पहिल्या दर्जांत घातला, आणि हाच नमुना पुष्कळ संस्थानांनीं उचलला. त्याचें फळ काय झालें तें एनमंड खटल्यावरून दिसतें. फ्लॉरिडा संस्थानांत १९७५ सालीं दोघांनीं एका शेतघरावर जबरी चोरी केली आणि वृद्ध पतिपत्नीस ठार केलें. एनमंड रस्त्यावर मोटार घेऊन बसला होता, असें वरिष्ठ न्यायालयांनीं धरलें. शिक्षा मात्र त्यासहि देहान्ताची झाली. ज्यानें मारलें नाहीं, मारण्याचा यत्न केला नाहीं आणि मारावें असें मनांतहि आणलें नाहीं, त्यास मरणाची शिक्षा देतां येत नाहीं, असें तेथील सुप्रीम कोर्टानें १९८२ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें. पांचच वर्षांनीं टायसन खटल्यांत त्याच न्यायालयानें, गुन्ह्यांत मोठा वांटा असेल आणि जिवाविषयीं बेफिकिरी असेल तर देहान्त चालेल, असें म्हणून ही मर्यादा सैल केली. एकीकडे मिशिगनच्या वरिष्ठ न्यायालयानें १९८० सालीं नियमच टाकून दिला, हवाई व केंटकी यांनीं तो कायद्यानें सोडला, आणि कॅलिफोर्नियानें २०१८ च्या कायद्यानें त्यास बराच आळा घातला. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानें तर १९८७ व १९९० च्या निकालांनीं तो घटनाविरुद्ध ठरविला.

हा सर्व इतिहास वाचून आपण शहाणे ठरलों असें समाधान मानून घेण्याचा मोह होतो. म्हणून आरंभीं सांगितलेला दुहेरी भेद आतां आठवावा. अपघातास खून ठरविणारा भाग आपल्या संहितेनें टाकला. परंतु एकाचा खून सर्वांच्या माथीं मारणारा भाग तिनें एका ठिकाणीं ठेवून घेतला. जुन्या संहितेचें ३९६ वें कलम पाहावें. पांच अगर अधिक मनुष्यें मिळून दरोडा घालीत असतां त्यांपैकीं एकानें खून केला, तर प्रत्येक जण देहान्तापर्यंतच्या शिक्षेस पात्र. खून करावा असा सर्वांचा बेत होता, हें सिद्ध करण्याची गरज नाहीं. नव्या संहितेच्या ३१० व्या कलमांत ही तरतूद कायम आहे. जेथें समान उद्देशाचें कलम लावावयाचें तेथें उद्देश शोधावा लागतो. येथें दरोड्यांतील सोबत पुरते.

याचें कारण समजण्यासारखें आहे. मसुदा तयार होत होता तो काळ ठगांच्या व दरोडेखोरांच्या बंदोबस्ताचा होता. १८३६ च्या कायद्यानें ठगांच्या टोळींत असणें एवढ्याच गोष्टीला जन्मठेपेची शिक्षा ठेविली होती. रात्रीं मशाली घेऊन गांवावर पडणाऱ्या टोळींत घाव कोणाचा हें सिद्ध करणें अशक्यच. आणि सशस्त्र टोळींत सामील होणारास रक्तपाताची कल्पना नसते असेंहि म्हणवत नाहीं. तेथें कोंबडीचोर आणि दरोडेखोर यांत खरा फरक आहे. शिवाय या कलमांत देहान्त सक्तीचा नाहीं. कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशास आहे, आणि सर्व न्याय त्या मुभेंत सांठविलेला आहे. परंतु भीतीनें घोड्यावर पहारा करणारा अगर वाट दाखविण्यापुरता आलेला पोर आणि घरमालकाच्या डोक्यांत कुऱ्हाड घालणारा, हे एकाच कलमाखालीं उभे राहतात हें विसरतां कामा नये. सुक्याबरोबर ओलेंहि जळतें ही म्हण लोकांनीं दुःखानें काढली आहे. ती न्यायाचें सूत्र म्हणून नव्हे.

एखादा भयंकर गुन्हा घडला म्हणजे, सर्वांस सारखेंच लटकवा, असा आवाज आजहि उठतो, आणि तो नेहमीं वाईट माणसांच्याच तोंडून उठतो असें नाहीं. मेलेल्याविषयींची कळवळ त्यांत असते. त्या वेळीं मेकॉलेचा प्रश्न विचारावा : हा माणूस असें काय करूं शकला असता, कीं ज्यानें मृत्यु टळला असता, आणि जें त्यानें जाणूनबुजून केलें नाहीं ? उत्तर मिळालें तर शिक्षा पुरी द्यावी. उत्तर मिळालें नाहीं, तर त्याच्या चोरीबद्दल त्यास चोराची शिक्षा द्यावी आणि उरलेलें दुःख हें दुःख म्हणूनच सोसावें. दशरथास राजदंड झाला नाहीं. पण शरयूकांठचा तो आवाज त्यास मरेपर्यंत ऐकूं येत राहिला. मनुष्याच्या हातून घडलेल्या अनर्थाचा कांहीं भाग न्यायालयाच्या कक्षेबाहेरच राहतो, आणि तो तेथेंच राहूं देण्यांत कायद्याचा कमकुवतपणा नसून त्याचा शहाणपणा आहे.